मोझार्टचा सी मेजर सोनाटा (के. ५४५): पाचव्या बारपासून स्केल्स अडखळतात तेव्हा काय तपासायचं

हा लेख या पियानो सोनाटाच्या पहिल्या मूव्हमेंटमधल्या (भागातल्या) एकाच जागेबद्दल आहे: बार ५ ते ९, जिथे स्केल्स (ओळीने चढणारे-उतरणारे स्वर) येतात. बार म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधला एक खंड. मधल्या ग्रेड्सना पोहोचलेले विद्यार्थी हा सोनाटा घेतात आणि बहुतेकांची गाडी इथेच रुतते. शिकवताना हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता पाचवा बार ऐकला की कारण कुठे असेल याचा अंदाज येतो. ते कारण फार क्वचित ‘बोटांना वेग नाही’ हे असतं. तरीही प्रत्येक जण वेगाचेच व्यायाम करत बसतो आणि बिघाड तसाच राहतो.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतं ते आधी ओळखा. एकापेक्षा जास्त गोष्टी एकत्र असू शकतात.

- पहिले चार बार शांत, ठाम वाजतात. पाचव्यात शिरताच वेग वाढतो आणि आठव्यापर्यंत सगळं हातातून निसटतं.
- प्रत्येक बारच्या शेवटी, पुढच्या बारची पहिली नोट यायच्या आधी बारीकशी खाच पडते. कधी तिथे धक्का बसल्यासारखी एक नोट मोठी वाजते.
- स्केल वर जाताना चौथी नोट ठोकल्यासारखी येते.
- स्केल पूर्ण होते, पण बार लहान पडतो. मेट्रोनोम (ठोका देणारं यंत्र) लावला तर तुम्ही ठोक्याच्या आधीच पुढच्या बारमध्ये पोहोचलेले असता.
- हळू वाजवलं की सगळं ठीक, वेग वाढवला की नोटा एकमेकींत मिसळून गढूळ होतात.
- सगळं जमतं, पण एक ठरावीक पट्टी दर वेळी दबकी वाजते किंवा वाजतच नाही.

कोणतं लक्षण तुमचं, हे वाजवता वाजवता कळत नाही. फोनवर बार १ ते १२ रेकॉर्ड करा आणि निम्म्या वेगाने ऐका; ऑडिओ ऐकवणाऱ्या बऱ्याच अ‍ॅप्समध्ये ही सोय असते. पूर्ण वेगात ‘काहीतरी अडखळतंय’ एवढंच ऐकू येतं. निम्म्या वेगात कितव्या नोटेवर अडखळतंय ते कळतं आणि पुढच्या सगळ्या तपासण्या त्यावरच उभ्या आहेत. त्या नोटेवर स्वरलिपीत पेन्सिलने खूण करा.

बारची रचना नीट पाहून घ्या

पाचवा बार मिडल सी च्या वरच्या ए पासून सुरू होतो, एक सप्तक वर जातो आणि परत त्याच ए वर येतो. सहावा हेच जी पासून करतो, सातवा एफ पासून, आठवा ई पासून. नवव्यात नमुना मोडतो. सगळ्या पट्ट्या आठव्या बारपर्यंत पांढऱ्या. म्हणूनच हा भाग कागदावर अगदी सोपा दिसतो.

वर जाऊन परत यायला पंधरा नोटा लागतात. बार चार क्रॉचेटचा (क्रॉचेट म्हणजे एक ठोका, क्वेव्हर त्याचा अर्धा, सेमीक्वेव्हर पाव), म्हणजे सोळा सेमीक्वेव्हरचा. एका नोटेची तूट भरून काढायला मोझार्टने पहिली नोट क्वेव्हर केली आहे, उरलेल्या चौदा सेमीक्वेव्हर. त्यामुळे ठोके कुठे पडतात पाहा: पहिला ठोका खालच्या ए वर, दुसरा डी वर, तिसरा बरोबर वरच्या ए वर, चौथा उतरताना लागणाऱ्या डी वर. पाचव्या बारच्या नोटांवर हे चार आकडे पेन्सिलने लिहा. पुढच्या तिन्ही बारमध्येही तेच: पहिला ठोका सुरुवातीवर, तिसरा शिखरावर.

आता तपासणी. फुकट आणि पाच मिनिटांच्या गोष्टी आधी.

१. बसणं, पेडल, सेटिंग

पेडलवरून पाय काढा. या स्केल्समध्ये पेडल दाबलेलं असेल तर कोणत्या नोटेवर अडखळलं हेच ऐकू येणार नाही, आणि ‘गढूळ’ हे लक्षण निम्म्या वेळा इथेच संपतं. अनेकांचा पाय सवयीने पेडलवर असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

स्टुलाची उंची अशी हवी की कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर राहील. घरातल्या जेवणाच्या खुर्चीवर बसून सराव करणारी मुलं बहुतेकदा खाली बसतात. मनगट पट्ट्यांच्या खाली लोंबलं की अंगठ्याला तळव्याखालून जायला जागाच उरत नाही, आणि या भागात तर दर बारला अंगठ्याला खालून जावं लागतं. खुर्चीवर घट्ट उशी ठेवून पाहा. फरक लगेच कळतो.

डिजिटल पियानो असेल तर रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) बंद करा आणि टच सेन्सिटिव्हिटी मधल्या पायरीवर आणा. हलक्या पट्ट्यांचा, टच सेन्सिटिव्हिटी नसलेला कीबोर्ड असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: त्यावर प्रत्येक नोट सारख्याच आवाजात येते. आवाजातला असमानपणा त्यावर ऐकूच येणार नाही आणि परीक्षेच्या दिवशी खऱ्या पियानोवर तो अचानक उघडा पडेल. वेळेतला असमानपणा मात्र अशा कीबोर्डवरही तपासता येतो.

याच बैठकीत मिडल सी च्या वरच्या ई पासून वरच्या सप्तकातल्या ए पर्यंत प्रत्येक पांढरी पट्टी एकेक करून हळू दाबा आणि सोडा. पट्टी झटकन वर येते का? शेजारची पट्टी सोबत हलते का? अडखळणारी नोट आणि आळशी पट्टी एकच निघाली तर दोष तुमच्या हातात नाही. सरळ पियानोच्या भागाकडे जा. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर ही तपासणी चुकवू नका.

२. पहिली क्वेव्हर खाल्ली जाते आहे का

‘बार लहान पडतो’ हे लक्षण असेल तर नव्वद टक्के शंका इथे घ्यावी. डोळ्याला पुढे लांबच लांब सेमीक्वेव्हर दिसतात आणि हात पहिल्या नोटेलाही त्याच मापात गुंडाळतो. एक सेमीक्वेव्हर गायब झाली की शिखराचा ए तिसऱ्या ठोक्याच्या आधी येतो, आणि चार बारांत चार सेमीक्वेव्हर, म्हणजे अख्खा एक ठोका गळतो.

पट्ट्यांना हात न लावता आधी तोंडाने म्हणा. तबला ऐकत वाढलेल्या मुलांना मी हे असं म्हणायला लावते: ‘धा तिट, तिरकिट, तिरकिट, तिरकिट’. ‘धा’ ही क्वेव्हर, ‘तिट’ दोन सेमीक्वेव्हर, पुढचे तीन ‘तिरकिट’ म्हणजे उरलेले तीन ठोके. टाळी प्रत्येक शब्दगटाच्या सुरुवातीला. ‘धा’ ला पूर्ण श्वास मिळाला पाहिजे. मग तेच म्हणत वाजवा. इंग्रजीत ‘वन अँड’ मोजायची सवय असेल तर तेही चालेल, पण मोजणं तोंडातून बाहेर आलं पाहिजे. मनातल्या मनात मोजलेलं बोटांबरोबर वाहून जातं.

आणखी एक जागा: चौथ्या बारच्या शेवटच्या ठोक्यावर उजव्या हाताला विश्रांती आहे. तो ठोका हात वरच्या ई वरून खालच्या ए वर शांतपणे नेण्यासाठी अगदी योग्य वेळी मिळाला आहे. जे विद्यार्थी ही विश्रांती कापतात ते पाचव्या बारमध्ये धापा टाकतच शिरतात.

३. टेम्पो कुठून ठरवला

या सोनाटाबद्दल एक गैरसमज त्याच्या नावातच आहे. मोझार्टने २६ जून १७८८ रोजी स्वतःच्या कृतींच्या यादीत याची नोंद केली ती ‘नवशिक्यांसाठी एक छोटा सोनाटा’ अशी. त्याच तारखेला त्याच यादीत त्याची एकोणचाळिसावी सिंफनी आहे. ‘नवशिक्यांसाठी’ म्हटल्यावर पालकांना आणि विद्यार्थ्यांना वाटतं की हे पटापट वाजलंच पाहिजे, नाहीतर काय शिकलो. मग ऑनलाइन ऐकलेल्या एखाद्या मैफिली कलाकाराच्या वेगाने पहिला बार सुरू होतो.

मोझार्टने फक्त ‘अ‍ॅलेग्रो’ लिहिलं आहे. त्याचा मृत्यू १७९१ मधला आणि मेल्झेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं १८१५ मध्ये. तेव्हा तुमच्या प्रतीत वर क्रॉचेट बरोबर अमुक असा आकडा छापला असेल तर तो संपादकाचा आहे. तो गाठलाच पाहिजे असं काही नाही.

पहिल्या बारमध्ये उजव्या हाताला मोठ्या नोटा आहेत, तो कोणत्याही वेगाला वाजतो. म्हणून टेम्पो पहिल्या बारवरून ठरवायचाच नाही. मेट्रोनोम ६० ला लावून बार ५ ते ८ वाजवा. सलग तीनदा स्वच्छ आले तर चार पायऱ्या वर जा. जिथे तिसऱ्यांदा फिसकटतं त्याच्या एक पायरी खालचा आकडा हा सध्याचा तुमचा टेम्पो, आणि पहिला बार त्याच टेम्पोला सुरू करायचा. १२० ला एका सेमीक्वेव्हरला सेकंदाचा आठवा भाग मिळतो, ६० ला चौथा. हिशेब डोळ्यांसमोर असला की ६० वरून उडी मारून १२० ला जाण्याचा मोह कमी होतो. ९६ ला समान वाजलेला हा भाग ऐकायला सुंदर लागतो. १३२ ला अडखळलेला लागत नाही.

४. डाव्या हाताने ठोका सोडला आहे का

‘पाचव्यापासून वेग वाढतो’ या लक्षणाचं मला सर्वांत जास्त सापडलेलं कारण उजव्या हातात नसतंच.

पहिल्या चार बारांत डावा हात सतत क्वेव्हरमध्ये चालतो: सी-जी-ई-जी, सी-जी-ई-जी. याला अल्बर्टी बास म्हणतात. चार बार तुमचा मेट्रोनोम तोच असतो. उजव्या हाताच्या मोठ्या नोटा त्या चालीवर टेकून उभ्या असतात. पाचव्या बारमध्ये ती चाल बंद होते, डाव्या हाताकडे मोजकेच स्वर उरतात, आणि नेमक्या त्याच क्षणी उजव्या हाताला सगळ्यांत लहान नोटा मिळतात. ठोका सांभाळणारं कोणीच राहत नाही. विद्यार्थ्याला वाटतं उजवा हात पळतो आहे. खरं तर त्याला धरून ठेवणारा हात गप्प झाला आहे.

हे खरं आहे की नाही ते दोन मिनिटांत तपासता येतं. उजव्या हाताने बार ५ ते ८ वाजवा आणि डाव्या हाताने लिहिलेले स्वर न वाजवता पहिल्या बारचा सी-जी-ई-जी तसाच चालू ठेवा. कानाला विचित्र लागेल, लागू द्या. स्केल्स एकदम समान झाल्या तर रोग सापडला.

उपाय तीन टप्प्यांत. काही दिवस हे असंच वाजवा. मग डावा हात मांडीवर घेऊन त्याच क्वेव्हर बोटांनी मांडीवर टिपा. मग लिहिलेले स्वर वाजवा आणि मधल्या क्वेव्हर तोंडाने म्हणा. शेवटी त्या फक्त आत ऐकू येत राहतील. लिहिलेल्या स्वरांमधली शांतता मोजलेली हवी, रिकामी नको. डावा हात तिथे हवेत उडवू नका. पट्ट्यांना टेकून राहू द्या.

मेट्रोनोम फक्त पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर वाजेल असा लावणं इथे फार उपयोगी. पहिला टोला बारच्या सुरुवातीवर, दुसरा शिखरावर. मधलं तुम्हाला स्वतःला भरावं लागतं. प्रत्येक क्वेव्हरला टोला लावला तर सगळं काम मेट्रोनोम करतो आणि तो बंद केला की बिघाड परत.

५. बारच्या सीमेवर अंगठा दोनदा येतो आहे का

खाच किंवा धक्का बारच्या शेवटी असेल तर इथे थांबा आणि वेळ द्या. वर्षानुवर्षं न सुटलेली प्रकरणं मी या एका बदलाने सुटलेली पाहिली आहेत.

शाळेतली स्केल आपल्याला अशी शिकवलेली असते (१ म्हणजे अंगठा, ५ म्हणजे करंगळी): वर जाताना १-२-३-१-२-३-४-५, उतरताना ५-४-३-२-१-३-२-१. पाचवा बार ए पासून तसाच वाजवला तर शेवटच्या खालच्या ए वर अंगठा येतो. आणि सहावा बार सुरू होतो त्याच्या लगतच्या जी वर, पुन्हा अंगठ्याने. एकच बोट, सलग दोन वेगळ्या पट्ट्या. अंगठा ए वरून उचलून जी वर टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. उचलताना खाच पडते, टाकताना धक्का बसतो. हेच सहाव्या-सातव्याच्या सीमेवर, हेच सातव्या-आठव्याच्या सीमेवर, हेच आठव्या-नवव्याच्या सीमेवर. कितीही सराव केला तरी दोन पट्ट्यांवर एक अंगठा जोडून वाजणार नाही. सराव केला तर ती खाच फक्त पक्की होते.

म्हणून उतरताना डी वर अंगठा आला की त्यावरून तिसरं बोट न टाकता चौथं टाका. म्हणजे पाचव्या बारचं उतरणं असं: ए-५, जी-४, एफ-३, ई-२, डी-१, सी-४, बी-३, ए-२, आणि सहाव्या बारचा जी अंगठ्यावर. सीमा अशी पार होते की ऐकणाऱ्याला ती होती हेही कळत नाही.

यात आणखी एक फायदा दडलेला आहे. शेवटच्या तीन नोटांपाशी तुमचा हात जी-ए-बी-सी वर १-२-३-४ असा पसरलेला असतो, आणि सहाव्या बारच्या पहिल्या तीन नोटा जी-ए-बी, बोटं १-२-३. हात आधीच जागेवर आहे. नव्या बारसाठी काहीही हलवायचं नाही. त्यामुळे हा भाग चार वेगळ्या स्केल्स असा न राहता खाली सरकत जाणारी एकच आकृती होतो. तिथून पुढे तो पाठ करायची वेगळी गरजच पडत नाही.

सातव्या बारमध्ये एक खास सापळा. एफ मेजर स्केल शिकताना सुरुवात १-२-३-४ अशी घोटलेली असते, कारण तिथे बी फ्लॅट काळी पट्टी आहे आणि चौथं बोट तिच्यावर जातं. इथे बी साधा आहे. तरी एफ दिसला की हात जुनी वाट धरतो, चौथं बोट बी वर जातं, शिखरावर पाचव्याऐवजी चौथं बोट येतं आणि उतरून खालच्या एफ वर पुन्हा अंगठाच येतो. सातव्या बारच्या बी वर ठळक १ लिहून ठेवा.

प्रतीत छापलेले बोटांचे आकडे वेगळे असतील तर घाबरू नका. हा सोनाटा मोझार्टच्या हयातीत छापलाच गेला नाही. पहिली आवृत्ती १८०५ ची, आणि त्याच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. छापलेलं फिंगरिंग संपादकांचं आहे आणि ते तुमच्या हाताला सोयीचं नसेल तर बदलायला हरकत नाही. फक्त एकदा ठरवलं की ते कागदावर लिहा आणि रोज तेच वाजवा. आज ३, उद्या ४ अशाने हात काहीच शिकत नाही.

नवं फिंगरिंग बसवताना स्केल वाजवूच नका. ए-बी-सी तिन्ही पट्ट्या १-२-३ ने एकदम दाबा. मग डी-ई-एफ-जी-ए पाचही एकदम. मग जी-ए-बी-सी, १-२-३-४. आवाज कर्कश येईल, पण हाताला जागा कळतात. तीन गठ्ठे विनाखंड सापडायला लागले की त्यांच्या नोटा सुट्या करा. जुनी सवय मोडायला वेळ लागतो. या काळात वेग ६० च्या वर नेऊ नका, आणि जुनं फिंगरिंग ‘फक्त एकदा’ म्हणूनसुद्धा वाजवू नका.

६. अंगठा खालून कसा जातो

वर जाताना चौथी नोट ठोकल्यासारखी येत असेल तर अंगठा उशिरा निघतो आहे. सी वर तिसरं बोट पडल्यावर तो धावत डी वर येतो, कोपर बाहेर उडतं, मनगट खाली आपटतं. डी वर दुसरा ठोका आहे, त्यामुळे विद्यार्थ्याला वाटतं हा जोर ठोक्याचाच आहे. तसं नाही. निम्म्या वेगात ऐकलंत तर डी च्या आधी एक सूक्ष्म थांबणं ऐकू येईल.

अंगठ्याने खालचा ए सोडला की लगेच तो तळव्याखाली सरकू लागला पाहिजे. दुसरं बोट बी वाजवत असताना तो निघालेला, तिसरं सी वाजवत असताना डी च्या वर येऊन पोहोचलेला. सराव: ए-बी-सी वाजवा आणि सी धरून थांबा. अंगठा डी ला स्पर्श करतो आहे का? दाबायचं नाही, फक्त स्पर्श. रोज थोडा वेळ, चारही बारांत. उतरताना हेच काम चौथं बोट करतं: अंगठा डी वर असताना ते सी च्या वर आलेलं हवं.

ठिपक्याच्या लयीत, लांब-आखूड लांब-आखूड असं वाजवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. बोटांमधला असमानपणा कमी करायला तो चांगला आहे. वेग पळण्यावर मात्र त्याचा काही परिणाम होत नाही. त्यासाठी चौथी तपासणीच. चुकीच्या लक्षणावर हा उपाय करून महिने घालवलेले विद्यार्थी माझ्याकडे येतात, म्हणून मुद्दाम सांगते.

हेही माहीत असू द्या की मोझार्टकडे व्हिएन्नातल्या अंतोन वाल्टरने बनवलेला पाच सप्तकांचा फोर्टेपियानो (पियानोचं तेव्हाचं रूप) होता. त्याच्या पट्ट्या हलक्या, खोली कमी. आजच्या पियानोची पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते. त्यामुळे या स्केल्स तळापर्यंत खोदून वाजवल्या की जड होतात. पट्टी खाली पोचली की पुढे दाबत राहू नका. वजन पुढच्या बोटावर द्या.

पियानोच दोषी असेल तर

आळशी पट्टी पावसाळ्यातच त्रास देते आणि ऑक्टोबरात बरी होते, असं असेल तर कारण दमट हवा. लाकूड आणि पट्टीच्या आतले फेल्ट ओल धरून फुगतात, पट्टीची हालचाल घट्ट होते. पियानो बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून लांब घ्या, खोली कोरडी ठेवा. तुमच्या हातात एवढंच आहे.

इथे थांबा आणि ट्यूनरला बोलवा: एकापेक्षा जास्त पट्ट्या अडकत असतील, कोरड्या हवेतही एखादी वर येत नसेल, एकाच पट्टीला दोनदा पटकन वाजवल्यावर दुसरी नोट येत नसेल, किंवा आतून टकटक ऐकू येत असेल. आत तेल किंवा वंगण अजिबात सोडू नका. ते फेल्टमध्ये मुरतं आणि साधी दुरुस्ती मोठी होते. पट्टी उपसून पाहण्याचाही प्रयत्न नको. बोलावताना ‘ट्यूनिंग करायचं आहे’ एवढंच सांगू नका. ट्यूनिंग तारांचं असतं. पट्ट्यांची हालचाल नीट करणं हे वेगळं काम आहे, त्याला रेग्युलेशन म्हणतात, आणि त्यासाठी वेळ आणि हत्यारं वेगळी लागतात. कोणत्या पट्ट्या, कोणत्या हवेत, हे लिहून ठेवलंत तर त्याचं काम निम्मं होतं.

हात दुखत असेल तर

अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखायला लागलं की त्या दिवसाचा सराव तिथेच बंद. दुखण्यातून वाजवून बोटं ‘तयार’ होतात ही समजूत घातक आहे. दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीनंतरही दुखत असेल, सूज असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा आणि पियानो वाजवतो हे त्यांना आवर्जून सांगा. परीक्षा पुढच्या सत्रात देता येते.

शिक्षक कधी गाठावा

स्वतःच शिकत असाल आणि वरच्या सहाही तपासण्या करून, नवं फिंगरिंग ६० ला दोन आठवडे न चुकता वाजवूनही खाच तिथेच असेल, तर यापुढे वाचून काही होणार नाही. कोणीतरी शेजारी उभं राहून हात पाहायला हवा. एक-दोन तास पुरतात. ऑनलाइन दाखवत असाल तर कॅमेरा वरून हातावर धरा, समोरून चेहऱ्यावर नको, आणि खूण केलेली प्रत व निम्म्या वेगाचं रेकॉर्डिंग आधी पाठवा.

बार ५ ते ९ जमले की लगेच बार २९ उघडा. तिथून जी मायनरमध्ये विकासाचा भाग सुरू होतो आणि स्केल्स दोन्ही हातांत आलटून पालटून येतात. मग बार ४२ ला सुरुवातीची धून परत येते, पण सी मध्ये न येता एफ मेजरमध्ये. त्यामुळे तिच्यामागून येणाऱ्या स्केल्समध्ये बी फ्लॅट घुसतो, अंगठा काळ्या पट्टीवर जाऊ नये म्हणून बोटं बदलावी लागतात, आणि डाव्या हातालाही धावावं लागतं. पाचव्या बारचं फिंगरिंग तिथे जसंच्या तसं चालणार नाही. पद्धत मात्र तीच: पुढच्या बारची पहिली नोट कोणत्या बोटावर हवी ते आधी ठरवा, तिथून मागे मोजत या, आणि आकडे लिहून मगच पहिल्यांदा वाजवा.